जगात कुठंतरी आपत्ती आली आणि पैसे द्यावेसे वाटतायत? मग आधी एवढं तपासा

भूकंप होतो, युद्ध पेटतं, आणि दुसऱ्या दिवसापासून फोनवर अपील यायला लागतात. ढिगाऱ्याचा फोटो, रडणारं मूल, खाली क्यूआर कोड. द्यावंसं वाटतं आणि ते वाटणं चांगलंच आहे, त्याची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. पण मदतीच्या या जगात पैसा गरज बघून कमी आणि कॅमेरा कुठं लागलाय, मोठ्या देशांना कशात रस आहे हे बघून जास्त हलतो, आणि आपण डोळे झाकून दिलं की त्याच असमतोलात आपलीही भर पडते. तर देण्याआधी तासभर घालवून काय बघायचं, कुठं बघायचं आणि कुणाला काय विचारायचं ते लिहितोय. चांगल्या संस्थांची यादी मागू नका, ती दर संकटात बदलते.

तूट कुठं आहे ते आधी बघा

संयुक्त राष्ट्रांचं ओचा नावाचं समन्वय कार्यालय आहे, त्यांची फायनान्शियल ट्रॅकिंग सर्व्हिस म्हणजे एफटीएस ही वेबसाइट कुणालाही फुकट बघता येते. तिथं वर्ष निवडलं की त्या वर्षाची सगळी अपील्स येतात आणि प्रत्येकापुढे साधे आकडे, किती मागितले, किती आले, किती टक्के झाले. बातम्यांत जो देश रोज दिसतोय तो आणि ज्याचं नावही महिनाभर ऐकलं नाही असे दोन-तीन देश शेजारी ठेवून बघा, बहुतेक वेळा काय ते तिथंच कळतं.

वाचताना दोन गोष्टी सांभाळा. पैसे वर्षभर हळूहळू येतात त्यामुळे मार्चमधले १० टक्के बघून घाबरू नका आणि नोव्हेंबरमधले ४० टक्के बघून 'येतील की' म्हणू नका. दुसरं म्हणजे मागणीच कमी केलेली असू शकते. २०२५ च्या जूनमध्ये ओचाने जगभरासाठीची ४४ अब्ज डॉलरची मागणी बाजूला ठेवून 'निदान एवढं तरी द्या' म्हणून २९ अब्जांची छाटलेली यादी काढली, कारण तोपर्यंत अमेरिकेने हात आखडता घेतला होता आणि आदल्या वर्षी नोंदल्या गेलेल्या मदतीत एकट्या अमेरिकेचा वाटा ४० टक्क्यांच्या वर होता. म्हणजे उद्या टक्केवारी सुधारलेली दिसली तरी ती गरज भागली म्हणून सुधारली की ताटं कमी मांडली म्हणून, हे बघावं लागतं.

हा असमतोल किती टोकाला जातो त्याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण २००४ चं आहे. डिसेंबरमधल्या त्सुनामीनंतर जगभरातून एवढा पैसा आला की नंतर संस्थांनीच मिळून जे मूल्यमापन केलं त्यात बाधित माणशी ७,००० डॉलरहून जास्त असा हिशोब निघाला, आणि त्याच वर्षी बांगलादेशात पूर आला होता तिथं माणशी ३ डॉलर. तीन. पाणी तेच, घरं वाहून गेलेली तशीच, पण एकीकडे पर्यटकांनी काढलेले व्हिडिओ होते आणि ख्रिसमसच्या सुट्टीत सगळं जग टीव्हीपुढे बसलेलं होतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रॉस घेब्रेयेसस उघड बोलले की जग काळ्या आणि गोऱ्या जिवांकडे सारखं लक्ष देत नाही, युक्रेनला जे मिळतंय त्याचा अंशही इथिओपियातल्या युद्धग्रस्त टिग्रे प्रांताला मिळत नाही. ते स्वतः टिग्रेचे, त्यामुळे काहींना ते पक्षपाती वाटलं, पण एफटीएसवर त्या वर्षाची पानं उघडून बघा आणि मग ठरवा.

पैसे एका संकटाला बांधू नका

देताना फॉर्ममध्ये 'फक्त या भूकंपासाठी' असा पर्याय असतो आणि आपलं बोट आपोआप त्यावर जातं. शक्यतो 'जिथं गरज असेल तिथं' हा निवडा. बांधलेला पैसा नियमाने दुसरीकडे वळवता येत नाही, मग एका ठिकाणी तो संपवायचा कसा ही चिंता आणि दुसरीकडे गोदाम रिकामं. त्सुनामीनंतर आठवडाभरातच मेदसाँ साँ फ्राँतिए (एमएसएफ) या डॉक्टरांच्या संस्थेने जाहीर केलं की आमच्या त्सुनामीच्या कामापुरते पैसे जमलेत, आता त्या नावाने देऊ नका, दिलेत ते दुसरीकडे वापरायची परवानगी द्या. बाकीच्या संस्थांना ते अजिबात आवडलं नव्हतं (देणगीदार बिथरतील ना), पण मी कुठलीही संस्था तपासताना हा प्रश्न हमखास बघतो, 'पुरे झाले' असं या लोकांनी कधी म्हटलंय का.

आणि एकरकमी मोठी रक्कम देण्यापेक्षा महिन्याला थोडी, तीही जुन्या संकटाला. कारण खरी ओढाताण कॅमेरे गेल्यावर सुरू होते. म्यानमारमधून २०१७ मध्ये सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात आले तेव्हा जग हळहळलं. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांच्या कॅम्पमध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने रेशनचं व्हाउचर माणशी महिन्याला १२ डॉलरवरून १० वर आणलं आणि जूनमध्ये ८ वर, कारण एकच, देणगीदारांकडून पैसे आले नाहीत. ८ डॉलर म्हणजे दिवसाला २७ सेंट, दोन वेळचं जेवण धरलं तर एका वेळेला १३-१४ सेंट, आणि या लोकांना कॅम्पबाहेर कायदेशीर काम करायची परवानगी नाही, म्हणजे ती तूट भरून काढायला वाट नाही. पुढे २०२४ मध्ये रक्कम परत वाढवली गेली. पण ज्या महिन्यात कापली त्या महिन्यात किती लोकांनी नवीन देणगी दिली असेल? बातमीच झाली नव्हती फारशी.

वस्तू पाठवू नका. खरंच नका.

जुने कपडे, उरलेली औषधं, डबाबंद खाणं, टेडी बेअर. 'भीक नको पण कुत्रं आवर' अशी तिथल्या लोकांची गत होते, कारण बंदर आणि विमानतळ आधीच तुंबलेले असतात आणि त्यात हे ढीग उतरवून, निवडून, शेवटी जाळायला किंवा पुरायला माणसं लावावी लागतात. औषधांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची १९९६ पासूनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात मुख्य गोष्टी साध्या आहेत: मागितलेलंच पाठवा, त्या देशाच्या मंजूर यादीतलं हवं, लेबल तिथल्या डॉक्टरांना वाचता आलं पाहिजे आणि पोचल्यावर किमान वर्षभराची मुदत शिल्लक हवी. आता आपल्या कपाटातली अर्धी संपलेली पट्टी यात कुठं बसते ते बघा.

मोठे देशही हेच करतात, फक्त जहाजं भरून. अमेरिकेने अन्नमदतीचा कायदा १९५४ मध्ये केला, त्यात आपल्या शेतकऱ्यांचं जादा धान्य खपवणं हा उघड हेतू होता, आणि त्या धान्याचा निम्मा हिस्सा तरी अमेरिकी झेंड्याच्याच जहाजातून न्यायचा हेही कायद्याने बांधलेलं. भाडं महाग, पोचायला महिने, आणि पोचल्यावर तिथल्या शेतकऱ्याचा भाव पडतो तो वेगळाच. म्हणून आता रोख रक्कम देणं बऱ्याच ठिकाणी बरं मानलं जातं, कुणाला भाडं द्यायचंय, कुणाला औषध घ्यायचंय, ते त्यांचं त्यांना ठरवू दे. अर्थात बाजार चालू असेल तर. वेढा पडलाय, दुकानात काहीच नाही, तिथं नोटा काय चावायच्या? तेव्हा तुमची संस्था 'कॅश की सामान' हे कशावरून ठरवते ते बघा, एकाच गोष्टीचा हट्ट धरणारी असेल तर मी जरा लांब राहीन.

स्वतः जाऊन मदत करायचा विचार असेल तर डॉक्टर, पाणीपुरवठा इंजिनियर वगैरे कौशल्य असेल आणि कुणी बोलावलं असेल तरच जा. अनाथाश्रमात दोन आठवडे मुलांशी खेळायला तर अजिबात जाऊ नका. कंबोडियात अशा संस्थांमधल्या चारपैकी तीन मुलांचे आई किंवा वडील जिवंत आहेत असं आढळलं होतं, म्हणजे पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून मुलं लागतात, म्हणून गरीब घरातून आणली जातात.

फोटो आणि आकडे वाचायची सवय लावा

१९९४ मध्ये रेड क्रॉस आणि मोठ्या संस्थांनी मिळून आचारसंहिता केली, तिचं दहावं कलम सांगतं की प्रचारात आपद्ग्रस्तांना हतबल वस्तूसारखं दाखवायचं नाही, सन्मान असलेली माणसं म्हणून दाखवायचं. त्याला ३० वर्षं होऊन गेली आणि अजून माशा बसलेल्या मुलाचे फोटो फिरतातच. माझी कसोटी सोपी आहे, हाच फोटो तुमच्या भाचीचा असता तर चालला असता का. मुलाचा चेहरा, नाव आणि गाव तिन्ही एकत्र दिसलं तर थांबाच, युद्धात किंवा अत्याचाराच्या प्रकरणात हे जिवावर बेतू शकतं. असलं काही पुढे पाठवू नका, मग ते कितीही हेलावून टाकणारं असू दे.

आकड्यांचं तर विचारूच नका. 'आम्ही ५ लाख लिटर पाणी वाटलं' असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं आणि वाचणारा गार पडतो. स्फिअर नावाची किमान मानकं आहेत, बहुतेक संस्था ती मानतात, त्यात माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २,१०० किलोकॅलरी अन्न, २० माणसांमागे एक संडास असे आकडे आहेत. आता २० हजारांचा कॅम्प धरा, गुणिले १५, झाले ३ लाख लिटर रोजचे. म्हणजे ते ५ लाख लिटर दोन दिवसही पुरत नाहीत. संस्थेने खोटं काही सांगितलेलं नसतं, फक्त किती लोकांना आणि किती दिवस एवढं गाळलेलं असतं. रिपोर्ट वाचताना कॅल्क्युलेटर उघडा ठेवा.

माहिती कुणाची, आणि ती जाते कुठं

याकडे देणगीदार बघतच नाहीत. मदत घ्यायची तर बोटांचे ठसे, डोळ्यांचं स्कॅन, कुटुंबाची सगळी माहिती द्यावी लागते, जॉर्डनच्या कॅम्पमध्ये २०१६ पासून निर्वासित दुकानात डोळा स्कॅन करून सामान घ्यायला लागले. चोरी आणि दुबार नावं थांबतात हे खरंय. पण रोहिंग्यांचं काय झालं ते ऐका. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित एजन्सीने आणि बांगलादेश सरकारने मिळून नोंदणी केली, रेशनला लागणारं स्मार्ट कार्ड दिलं, आणि २०२१ मध्ये ह्युमन राइट्स वॉचने उघड केलं की त्यातली किमान ८,३०,००० लोकांची माहिती बांगलादेशाने म्यानमारला दिली, म्हणजे ज्यांच्यापासून जीव वाचवून पळाले त्यांनाच. नोंदणीच्या पावतीवर 'म्यानमार सरकारला माहिती द्यायला हरकत नाही' अशा अर्थाची टिक होती, पावती इंग्रजीत, आणि बहुतेकांना इंग्रजी वाचता येत नाही. एजन्सीचं म्हणणं की आम्ही समजावून विचारलं होतं. असेलही, पण हातात रेशनचं कार्ड घेऊन विचारलेल्या प्रश्नाला 'नाही' कोण म्हणणार? नीतीचा सगळा घोळ तिथंच आहे. तुम्ही संस्थेला विचारू शकता, ठसे न देता मदत मिळते का, आणि माहिती कुणाकुणाला देता.

जिथं बरोबर उत्तरच नाही

काही वेळा मदत केल्यानेच वाईट होतं आणि थांबवली तरी वाईटच होतं. १९९४ मध्ये रवांडातल्या वंशसंहारानंतर लाखो हुतू लोक सीमा ओलांडून शेजारच्या झैरेमधल्या (आताच्या काँगोतल्या) गोमाच्या कॅम्पमध्ये आले, त्यात साधी माणसं होती, मुलं होती आणि कत्तल घडवणारे नेतेही होते. त्या नेत्यांनीच कॅम्प ताब्यात घेतले, धान्यवाटप त्यांच्या हातात, डोकी वाढवून सांगायची, जादाचं विकायचं, त्यावर परत फौज उभी करायची. एमएसएफची फ्रेंच शाखा १९९४ संपायच्या आत तिथून बाहेर पडली, बऱ्याच संस्था तिथंच राहिल्या कारण कॅम्पमध्ये साधी माणसं आणि मुलंही होती. कोण बरोबर? मला दोघांचंही पटतं, आणि जो कुणी यावर एका वाक्यात निकाल देतो त्याने विचार केलेला नसतो.

उलटी बाजूही आहे. सोमालियात २०११ च्या दुष्काळात जिथं अल-शबाब या सशस्त्र गटाचा ताबा होता तिथं त्यांनी संस्थांना अडवलं, आणि दुसरीकडे दहशतवाद्यांच्या हाती काही पडलं तर कायद्याचा बडगा या भीतीने देणगीदारांनीही पैसे रोखले. दोन्हीकडून कोंडी आणि अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली असा नंतरचा अंदाज. देणगीदार म्हणून आपण हे सोडवू शकत नाही. पण संस्था असल्या पेचाबद्दल उघड लिहिते की 'आम्ही शेवटच्या माणसापर्यंत पोचलो' एवढंच लिहिते हे बघता येतं, आणि पहिल्या प्रकारच्या संस्थेला मी झुकतं माप देतो.

'१०० पैकी किती पोचतात' हा प्रश्न अर्धवट आहे

सगळे हाच विचारतात. ऑफिस खर्च कमी दाखवला की संस्था चांगली असं आपण धरून चालतो, मग संस्थाही हिशोबनीस कमी ठेवतात, गाड्यांची देखभाल टाळतात, आणि मग घोटाळा झाला की आपणच ओरडतो. त्याऐवजी पैसा किती हातांतून फिरतो ते विचारा. साधारण वाट अशी: देणगीदार सरकार, मग संयुक्त राष्ट्रांची एजन्सी, मग मोठी आंतरराष्ट्रीय संस्था, मग तिथली स्थानिक संस्था. मधला प्रत्येक जण प्रशासनाचे ७ टक्क्यांच्या आसपास काढून घेतो, असे दोन टप्पे धरले तर १०० चे ८६-८७ राहतात, आणि हे नुसत्या प्रशासनाचे झाले, प्रत्येकाचा स्टाफ, गाड्या, मुक्काम वेगळे. शेवटी उन्हात उभं राहून वाटप करणाऱ्या स्थानिक संस्थेला मात्र बऱ्याचदा नुसते वस्तूंचे पैसे मिळतात, ऑफिसचं भाडं तिचं तिने बघायचं.

२०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत मोठे देणगीदार आणि संस्थांनी ग्रँड बार्गेन नावाचा करार केला, २०२० पर्यंत २५ टक्के पैसा जमेल तितका थेट स्थानिकांकडे द्यायचा. २०२० आलं आणि गेलं, थेट जाणारा वाटा दोन-चार टक्क्यांत घुटमळत राहिला. कारण सांगतात की स्थानिकांची क्षमता नाही, हिशोब ठेवता येत नाही. आणि सुदानमध्ये २०२३ ला युद्ध सुरू झाल्यावर बहुतेक परदेशी स्टाफ बाहेर काढला गेला तेव्हा गल्लीगल्लीत तरुणांनी इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स म्हणून गट केले, सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, जखमींना हलवलं, बॉम्ब पडत असताना. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी मग क्षमतेबद्दल बोलावं का?

जोखमीचंही तसंच. २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदतकर्मी मारले गेले, त्यातले बहुसंख्य त्याच देशातले स्थानिक. परदेशी सहकाऱ्याला पगार कितीतरी पट, शिवाय विमा आणि सुटकेचं विमान, स्थानिक ड्रायव्हरला यातलं काय मिळतं ते विचारून बघा. एप्रिल २०२४ मध्ये गाझात वर्ल्ड सेंट्रल किचन या जेवण पुरवणाऱ्या संस्थेचे सात जण मारले गेले, त्यात सहा परदेशी होते, आणि जगभरात पहिल्या पानावर बातमी आली, यायलाच हवी होती. पण तोपर्यंत तिथं संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टिनी निर्वासित एजन्सीचे दीडशेहून जास्त कर्मचारी गेलेले होते, त्यातलं एक तरी नाव तुम्हाला माहितीये?

मेल टाका

निवडलेल्या संस्थेला सरळ मेल करा, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. विचारायचं ते असं: या देशात प्रत्यक्ष काम कोण करतं, त्या स्थानिक संस्थेकडे तुमच्या खर्चातले किती टक्के जातात, त्यांना ऑफिस आणि विम्यासाठी वेगळे पैसे देता का. मदत घेणाऱ्याला तक्रार करायची असेल तर कुठल्या भाषेत, कुणाकडे, आणि गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या, किती खऱ्या निघाल्या. मागच्या कामाचं बाहेरच्या माणसाने केलेलं मूल्यमापन आहे का आणि त्यात वाईट काय सापडलं.

तक्रारींचा प्रश्न गाळू नका. २०१८ मध्ये ऑक्सफॅम या मोठ्या मदतसंस्थेच्या हैतीतल्या कर्मचाऱ्यांचं लैंगिक गैरवर्तन बाहेर आलं, काँगोतल्या इबोलाच्या कामात जे आरोप झाले त्यावर २०२१ ला चौकशी समितीने ८३ संशयित नोंदवले आणि त्यातले २१ जागतिक आरोग्य संघटनेने कामावर घेतलेले होते. ज्याच्या हातात धान्य आहे त्याच्याविरुद्ध तक्रार करणं किती अवघड असतं ते यातून कळतं. हैतीत तर शांतिसैनिकांच्या तळावरून २०१० मध्ये कॉलरा पसरला, दहा हजारांच्या आसपास माणसं मेली आणि संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी माफी मागितली डिसेंबर २०१६ मध्ये. त्यामुळे 'आमच्याकडे शून्य तक्रारी' असं उत्तर आलं तर मला ते चांगलं लक्षण वाटत नाही, तक्रारीची वाटच बंद असणार असं मी धरतो. 'चाळीस आल्या, सहा खऱ्या निघाल्या, दोघांना काढलं' असं सांगणारी संस्था मला जास्त भरवशाची वाटते.

उत्तरात नुसतं चकचकीत माहितीपत्रक आलं तर तेच प्रश्न परत एकदा पाठवा, नंबर टाकून. तरीही काही आलं नाही तर तो मेल जसाच्या तसा पुढच्या संस्थेला टाका, लहान संस्था बऱ्याचदा पटकन आणि मोकळेपणाने उत्तर देतात कारण मेल वाचणारा आणि काम करणारा एकच असतो.